आमची पोरं, तुमची पोरं

मध्य न्यू जर्सीतल्या एका छोट्या क्लबात मी मुलांना फुटबॉल शिकवतो. इथे त्याला सॉकर म्हणतात, माझ्या तोंडी मात्र अजून फुटबॉलच येतं. शेजारच्या गावातला क्लब आमच्यापेक्षा बराच मोठा. एका राष्ट्रीय लीगमध्ये त्यांना जागा आहे, आम्हाला नाही. ती लीग तेरा वर्षांखालच्या गटापासून सुरू होते, त्यामुळे दरवर्षी अकरा-बारा वर्षांची आमची बरी पोरं तिकडे जातात. यंदा दोन्ही क्लबांनी 'अलायन्स' केला. नावं वेगळी राहणार, खालचे संघ वेगळे राहणार, पण प्रत्येक वयोगटाचा पहिला संघ एकच. पालकांना गेलेल्या ईमेलमध्ये 'सर्वांना अधिक संधी' असं लिहिलं होतं. ते वाचून मी मनातल्या मनात वजाबाकी केली. काल दोन पहिले संघ होते, आज एक आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ हे तिथले फुटबॉलमधले कट्टर प्रतिस्पर्धी मिळून शाहू स्टेडियमवर एकच संघ उतरवणार, अशी बातमी कुणी पेठेत आणली तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. इथे दोन संचालकांनी हे व्हिडिओ कॉलवर उरकून टाकलं.

त्यात यंदा वयाचा नियमही बदलला. २०१७ पासून अमेरिकेत मुलांचे गट जानेवारी ते डिसेंबर अशा जन्मवर्षावर पडत होते. २०२६-२७ च्या हंगामापासून बहुतेक संघटनांनी १ ऑगस्ट ते ३१ जुलै हे वर्ष धरलं, म्हणजे शाळेच्या इयत्तेशी ते बरंचसं जुळेल. निर्णय शहाणपणाचा आहे. आधी आठवीतली काही मुलं हंगामाच्या मधेच संघाविना राहायची, कारण त्याच जन्मवर्षाचे त्यांचे सोबती नववीत जाऊन शाळेच्या संघातून खेळायला लागायचे. पण नियम बदलण्याच्या वर्षी प्रत्येक जुना संघ मधोमध चिरला जातो. माझ्या २०१४ साली जन्मलेल्यांच्या संघातली जानेवारी ते जुलैची मुलं वर गेली, अकरा-अकराच्या खेळात. ऑगस्टनंतरची खाली राहिली आणि त्यांच्यात २०१५ च्या पहिल्या सात महिन्यांची मुलं आली. शेजारच्या क्लबातही हेच झालं. म्हणजे बारा वर्षांखालच्या एका संघासाठी चार अर्धे संघ मैदानात उभे.

त्या एका संघाच्या निवड चाचणीची, मे महिन्यातली संध्याकाळ होती. वर्ल्ड कप तोंडावर आलेला, अंतिम सामना आमच्याच राज्यात, ईस्ट रदरफर्डला ठरलेला, त्यामुळे पोरांच्या अंगावर अर्जेंटिना, पोर्तुगाल, फ्रान्स सगळे देश होते. आम्ही ते झाकायला नंबरचे बिब दिले. कोण कुठल्या क्लबचा हे कळू नये म्हणून रंगही मुद्दाम मिसळले. उपयोग शून्य. पोरं आपल्या ओळखीच्यालाच पास देत होती. डावीकडे मोकळा उभा असलेला दुसऱ्या क्लबचा मुलगा हात वर करून थकला, तरी त्याच्याकडे बॉल जाईना.

मूल्यमापनाची पद्धत मी सुचवली होती: प्रत्येक कोचने फक्त समोरच्या क्लबच्या मुलांना गुण द्यायचे, म्हणजे पक्षपात नको. झालं असं की दोन्हीकडून गुण कंजूषपणे पडले. त्यांच्या कोचने आमच्या पोरांना पाचच्या वर जाऊ दिलं नाही, आमच्याकडच्या दोघांनी त्यांना. पण एक गोष्ट हाती लागली. समोरच्याने लावलेला आमच्या पोरांचा क्रम जवळजवळ तोच होता, जो मी स्वतः लावला असता. शत्रूला कोण भारी आहे ते बरोबर कळतं.

मग कॉर्नर किक सुरू झाल्या आणि माझं लक्ष एका गोष्टीवर अडकलं. बॉल हवेतून आला की तीन-चार मुलं मान खाली घालून बाजूला व्हायची. त्यांच्या कोचने कागदावर लिहिलं, 'घाबरट'. मी त्या मुलांचे नंबर यादीत पाहिले. सगळी २०१५ ची. आता इथला नियम असा आहे की अकरा वर्षांखालच्या गटापर्यंत हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, पूर्ण बंद, सरावातही आणि सामन्यातही. बारापासून परवानगी मिळते, तीही सरावात मोजकीच. डोक्याच्या दुखापतींमुळे दहा वर्षांपूर्वी हे ठरलं. म्हणजे या मुलांनी परवापर्यंत बॉलला डोकं लावलं असतं तर रेफरीने शिट्टी मारली असती. त्यांना जे शिकवलं तेच ती करत होती. २०१४ ची मुलं वर्षभर हेडिंग करून आलेली, म्हणून ती शूर दिसत होती.

हे मी बैठकीत बोललो. त्या मुलांमधल्या नंबर ४१ चे वडील माझ्या ओळखीचे आहेत, गणपतीत मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेटतात, हे मी आधीच सांगून टाकलं आणि त्याला कुठे बसवायचं यावर एक शब्दही काढला नाही. मुद्दा तेवढा मांडला. समोरच्या कोचने थोडा वेळ कागदाकडे बघितलं, 'घाबरट' खोडलं आणि सगळ्यांचा कॉर्नरचा रकानाच काढून टाकला. माणूस सरळ आहे, भांडतो पण सरळ.

खरी मारामारी पुढे होती. बारा वर्षांखालच्या गटाच्या नऊ-नऊच्या खेळात नियमाने १६ पर्यंत मुलं घेता येतात. त्यांचा संचालक म्हणाला १६ घेऊ, दहा आमचे आणि सहा तुमचे, कारण आमच्या पोरांना आमची खेळायची पद्धत माहीत आहे. मी म्हणालो, १४ घ्या. सामना साठ मिनिटांचा, मैदानात नऊ जण. वाटायला ५४० मिनिटं. १६ पोरांत प्रत्येकाला सरासरी ३४ मिनिटंही येत नाहीत, १४ मध्ये ३८ च्या वर जातात. गोलकीपर सोडून हिशेब केला तरी चित्र फार बदलत नाही. बाकावर सात जण बसवून त्यांच्या आईबापांकडून वर्षाला हजारो डॉलर घ्यायचे, याला संधी कसं म्हणायचं? (पालकांचं यावर एक ठाम मत असतं: निवड होईपर्यंत १६, आपल्या पोराची निवड झाल्यावर १२.)

१४ वर ते आले, पण मग वाटणी सात-सात. तिथे आमचाही आवाज चढला, कारण गोलकीपर. तीन होते, दोन त्यांचे, एक आमची. हो, आमची. या वयात मुलगी मुलांच्या संघात खेळू शकते, आणि ती तिघांत सरळसरळ उजवी होती. उडी, पाय, ओरडून बचावफळी लावणं, सगळंच. ती हवीच, यावर वाद नव्हता. वाद होता की ती कुणाच्या सातात मोजायची! त्यांच्या मते गोलकीपरची जागा 'सामाईक', म्हणून ती आमच्या सातात धरू नये, पण त्यांचा गोलकीपरही त्यांच्या सातात धरू नये. दोन मिनिटं डोकं लावल्यावर कळलं की दोन्ही हिशेबांत नावं तीच येतात. तरी त्यावर पाऊण तास गेला.

यादी गेली. प्रतीक्षायादीत दोन नावं ठेवली, एक त्यांचं, एक आमचं. आमचं नाव नंबर ४१.

होकार कळवायला तीन दिवसांची मुदत होती. दुसऱ्याच दिवशी त्याच्या वडिलांचा फोन. "दादा, राग मानू नका, पण एक विचारू? काही होण्यासारखं आहे का?" मी सांगितलं, "अहो, यादी लागली, आता माझ्या हातात काही नाही. जागा निघाली तर मीच कळवेन." ते बिचारे दोनदा सॉरी म्हणाले.

त्याच रात्री आमच्या सातांतल्या पहिल्या नंबरच्या मुलाच्या आईने नकार कळवला. ज्याच्यासाठी मी सर्वांत कमी भांडलो होतो, कारण त्याच्याबद्दल वाद होऊच शकत नव्हता, तोच. पहिल्या संघाचा सराव शेजारच्या क्लबच्या टर्फवर, आठवड्यातून तीन संध्याकाळी, आणि ऑफिस सुटायच्या वेळी रूट १ हायवे ओलांडून पोचायचं. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, सासूबाई आलेल्या पण त्या गाडी चालवत नाहीत. तो दुसऱ्या संघातच राहणार, घराजवळ.

जागा त्यांच्या प्रतीक्षायादीतल्या मुलाला गेली, गुण त्याचे जास्त होते. आठ-सहा झालं. मी वाईट तोंड करून झोपलो. सकाळी त्यांच्या कोचचा मेसेज: त्यांच्यातला एक जण शाळेच्या बँडसाठी संघ सोडतोय, तुमच्या मुलाला विचार.

मी नंबर ४१ च्या वडिलांना फोन लावला. जागा निघाल्याचं सांगितलं. पलीकडे दोन क्षण काहीच नाही. मग म्हणाले, "दादा, खूप आनंद झाला. सराव कुठल्या मैदानावर म्हणालात?"