शेवटची पोळी आणि हळद्या

जुन्या माणसांच्या तोंडी घाटावरच्या मुलखाचं नाव 'देश'. त्या हिशेबानं सांगली सोडून, नर्मदा ओलांडून इंदुरात आलेली मी परदेशातच राहते, असं आमच्या मामीचं म्हणणं. फोनवर ती अजून विचारते, "काय गं, तुमच्या परदेशात पोळ्या करतात की रोट्या?" दोन्ही करतात, मामी. आणि दोन्हीतली शेवटची कुत्र्याला जाते. सगळं रामायण त्या शेवटच्या पोळीनंच घडवलं.

आम्ही लोकमान्य नगरात माईंच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. नवऱ्याचा कारखाना पीथमपूरला, माझं काम घरूनच. माई ७४ वर्षांच्या, मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. घराणं पाच पिढ्या इंदुरात. मराठी एकदम स्वच्छ, पण मधेच "अगं, ते तर आत्ताच येऊन राहिले होते" असं निघतं आणि मला आठवतं की आपण देशावर नाही. मुलगा मेलबर्नला गेला तेव्हा त्याचा लॅब्रेडॉर माईंकडे राहिला. रंग पिवळा आणि घरचं कुलदैवत जेजुरीचं, म्हणून माईंनी त्याचं नाव ठेवलं हळद्या. मुलानं ठेवलेलं इंग्रजी नाव आता फक्त लसीकरणाच्या कार्डावर आहे.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हळद्या अंगणात आडवा पडला होता. मला वाटलं, गादी वाळत घातलीय. मग गादीनं शेपूट हलवलं.

गेल्या ऑक्टोबरात तो जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर घसरला आणि मागचा पाय धरून बसला. त्याला रिक्षात चढवायला तीन माणसं लागली. डॉक्टर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, बोलायला शांत. त्यांनी हळद्याला जमिनीलगतच्या काट्यावर उभं केलं. ४१.६ किलो. पायाला फार काही झालं नव्हतं, पण सांध्यांवरचा भार असाच राहिला तर पुढे होईल, म्हणाले. मग त्यांनी माईंना स्वतःचा हात पुढे करायला सांगितला. उलट्या पंज्याच्या हाडांवरून बोट फिरवा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला अशा लागल्या पाहिजेत. मूठ वळून गाठींवरून फिरवा. अशा लागल्या तर कुत्रा वाळलाय. आता तळहातावरून फिरवा, अंगठ्याखालच्या मांसल भागावरून. "आणि आता तुमच्या हळद्याच्या बरगड्या शोधा."

माई शोधत राहिल्या. बराच वेळ.

थायरॉइड मंद असेल तरीही वजन वाढतं, म्हणून रक्त तपासलं. ते ठीक निघालं, म्हणजे दोष सरळ ताटलीकडे आला. नसबंदी झालेल्या कुत्र्याला लागतं कमी आणि भूक मात्र वाढलेली, हे एक. दुसरं म्हणजे जात. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी लॅब्रेडॉरच्या एका जनुकातला दोष शोधून काढला. साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्रेडॉरमध्ये तो असतो, आणि अशा कुत्र्यांचं पोट भरलं तरी तसा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. हे ऐकून माईंनी मोठा सुस्कारा सोडला. "म्हणजे लबाड नाहीये तो. बिचारा खरंच भुकेला असतो."

डॉक्टरांना नेमकं याच वाक्याचं भय असावं. त्यांनी लगेच दुसरी गोष्ट काढली. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांवर जन्मभर प्रयोग झाला होता, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये छापून आले. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. भरपूर खाणाऱ्यांचं मधलं आयुष्य (निम्मे त्याआधी गेले, निम्मे नंतर) ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३. माई क्षणभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "एक पूर्णांक आठ." वजाबाकी त्यांच्या तोंडून आपोआप होते.

घरी आल्यावर त्यांनी शाळेतली आखीव वही काढली. डॉक्टरांनी दिलेलं सूत्र असं: कुत्र्याचं जे वजन व्हायला हवं, त्याचा घन काढा, त्याचं दोनदा वर्गमूळ घ्या, ७० नं गुणा. हळद्याचं व्हायला हवं ३१ किलो. ३१ चा घन २९,७९१. वर्गमूळ १७२.६. त्याचं वर्गमूळ १३.१४. गुणिले ७०, म्हणजे ९२० कॅलरी. दिवसाच्या सगळ्या मिळून. कॅल्क्युलेटर माझ्या हातात होता, पण माई कागदावर माझ्याआधी पोचल्या. (तुम्ही आपल्या कुत्र्याचं गणित मांडाल तर आधी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू, गाभण कुत्री किंवा आजारी जनावर असेल तर हे सूत्र चालत नाही.)

मग हळद्या खरोखर किती खातो ते लिहून काढलं. सकाळी तूप लावून दोन पोळ्या, २५०. माईंच्या बशीतले पोहे, १५०. ग्लुकोजची सहा बिस्किटं, १२०. दुपारी दहीभात, २५०. संध्याकाळी वाटीभर दूध, १५०. आणि 'जेवण' म्हणून दुकानातलं कोरडं खाणं, जे मोजल्यावर ३०० ग्रॅम निघालं, १०५०. बेरीज १९७०. यात वरून भुरभुरलेली शेव धरलेली नाही. इंदुरात शेव कोणी हिशेबात धरत नाही. पोह्यांवर शेव, आमटीत शेव, भाजी संपली तर शेवेचीच भाजी. रविवारचे दाल-बाफलेही वेगळे. ज्यांनी बाफला पाहिला नाही त्यांच्यासाठी: कणकेचा गोळा आधी उकडतात, मग भाजतात, मग तुपात बुडवतात. हळद्याचे दर रविवारी दोन ठरलेले.

आता माझी चूक सांगते. माझे बाबा तासगावहून दर उन्हाळ्यात बेदाण्याचा डबा पाठवतात. सांगलीची मुलगी परमुलखात दुसरं काय वाटणार? शेजारी वाटले, पोस्टमनला दिले, हळद्यालाही चार-चार दाणे हातावर. डॉक्टरांकडे यादी दाखवताना मीच अभिमानानं हे सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. द्राक्षं आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात, आणि किती खाल्ले तर चालतील असं सुरक्षित माप नाही. द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाचा हा प्रताप असावा असं आता मानतात, आणि तेच आम्ल चिंचेतही असतं. म्हणजे आमटीही गेली. पोह्यांवरचा कच्चा कांदाही गेला, त्यानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. हळद्याचं नशीब थोर, त्याला काही झालं नाही. मी आठवडाभर नीट झोपले नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही, म्हणजे आता हे वाचून कळेल.

नव्या ताटलीत वजन कमी करण्यासाठीचं कोरडं खाणं आलं. वाटीनं नाही, स्वयंपाकाच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. जुनं खाणं नुसतं निम्मं केलं तर कॅलरींबरोबर प्रथिनं आणि जीवनसत्त्वंही निम्मी होतात, म्हणून हे वेगळं. बदलही आठवडाभरात हळूहळू केला. वरच्या खाऊला एकूण कॅलरींचा दहावा हिस्सा, म्हणजे ९२. त्यात गाजर, काकडी, बिनमिठाचा उकडलेला लाल भोपळा. भोपळा त्याला इतका आवडला की माईंना अपमान वाटला.

चार आठवड्यांनी काटा म्हणाला ४१.९.

मधे दिवाळी झाली होती हे खरं, पण फराळाचे डबे आम्ही माळ्यावर ठेवले होते. माईंनी वही तीनदा तपासली. गणित चुकत नव्हतं आणि कुत्रा वाढत होता. शेवटी एका दुपारी मी गच्चीवर कपडे काढायला गेले आणि खाली पाहिलं. हळद्या फाटकाच्या फटीतून बाहेर गेला. ४१ किलोचा कुत्रा, त्या फटीतून! समोरच्या भाभींच्या दारात बसला. दार उघडलं, रोटी आली. पुढचं दार. रोटी. कोपऱ्यावरच्या दादाजींनी तर तूप लावून दिली. पाच घरं झाली आणि स्वारी परत येऊन अंगणात आडवी. चेहरा असा, की सकाळपासून अन्नाचा कण नाही.

माळव्यात पहिली रोटी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. आमच्या गल्लीत मोकाट कुत्रा टिकत नाही, हळद्या कोणाला येऊच देत नाही. शिवाय २०१७ पासून ओळीनं कितीतरी वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर, रस्त्यावर उष्टंखरकटं नसतंच. मग पाच घरांचं पुण्य एकट्या हळद्याच्या पोटात. मी समोरच्या भाभींना सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, "बेजुबान को भूखा रखोगे? हाय लगेगी, बेटा." आणि मला कांदा-कचोरी खाऊ घातली. नाही म्हणता आलं नाही. मला येत नाही, तर हळद्याला काय येणार.

तोडगा माईंनी काढला. मला तो सुचलाच नसता, मी पाटी लावायच्या विचारात होते. त्यांनी रोजच्या मोजलेल्या खाण्यातून ५० ग्रॅम बाजूला काढले, पाच छोट्या डब्यांत दहा-दहा ग्रॅम भरले आणि घरोघर नेऊन दिले. "शेवटची रोटी आता ही. रोटी बनवा, पण ती गाईला द्या, याला हे." खंडोबाचा कुत्रा आहे, त्याच्या व्रताला तुमची मदत पाहिजे, असंही सांगितलं. व्रत म्हटल्यावर गल्ली एकदम गंभीर झाली. दादाजी तर दाणे मोजून देऊ लागले.

फिरवायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला दहा मिनिटं सकाळी, दहा रात्री, दर आठवड्याला पाच-पाच वाढवत. पळवायचं नाही, जिने नाहीत. पहिल्या दिवशी तो कोपऱ्यावर बसला आणि कचरागाडी गाणं वाजवत येऊन निघून गेली तरी उठला नाही. जाडा कुत्रा लवकर तापतो, आणि तापलेलं अंग निववायला त्याच्याकडे धापा टाकण्याखेरीज फारसं काही नसतं. म्हणून मे महिन्यात सहाच्या आत बाहेर, नाहीतर रात्री. डांबरावर उलटा हात ठेवून सात सेकंद मोजायचे. हात ठेवता आला तरच पंजे ठेवायचे. लोक 'शब-ए-मालवा' म्हणतात ते काय, हे मला हळद्यामुळे कळलं. दिवसभर भट्टी आणि रात्री दहाला गार वारा. तीन वर्षांत गल्लीतल्या दोन माणसांची नावं माहीत होती मला. आता सतरा कुत्र्यांची आहेत आणि त्यांच्या मालकांची निम्मी.

सगळ्यात अवघड होता वळणावरचा पोह्यांचा ठेला. मालक हळद्याला पाहून जिलेबीचा तुकडा हवेत उडवायचा आणि हळद्या तो झेलायचा, सहा वर्षांचा नेम. आम्ही रस्ता बदलला. माझा मात्र बदलला नाही. हळद्याला घरी सोडून मी परत जाते, जिरावण मसाला जास्त घालून एक प्लेट. माझ्या वजनाची वही माईंनी अजून उघडलेली नाही.

डिसेंबरात ४०.३. फेब्रुवारीत ३८.२. एप्रिलपासून काटा दीड महिना हललाच नाही, मग डॉक्टरांनी आणखी थोडं कमी करून दिलं. या जुलैत ३४.१. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के उतरावं असं त्यांचं म्हणणं, आम्ही त्याच्या निम्म्यानं चाललोय. ते कुरकुरतात. माई म्हणतात, "काठावर पास का होईना, पास झाला."

आणि परवाचा रविवार. पाहुणे यायचे होते, बाफले तुपातून काढून परात ओट्यावर ठेवली होती, भिंतीकडेला. तिथवर हळद्या आजवर कधी पोचला नव्हता. पुढचे पाय वर टाकून उभं राहणं त्याला जमायचंच नाही. आम्ही बाहेरच्या खोलीत. आवाज आला म्हणून आत गेलो तर स्वारी मागच्या दोन पायांवर ताठ, कंबर दिसते आहे, आणि परातीत दोन जागा रिकाम्या.

मी ओरडणार होते. माईंनी हातानं थांबवलं, चष्मा लावला आणि वही ओढली.

"बाफल्याच्या किती धरू गं? तुपासकट सांग."