हुत्स्पॉत आणि पिठलं-भाकरी

नऊ वर्षांत नेदरलँड्समधल्या लायडनचा ३ ऑक्टोबर मी कधी चुकवला नव्हता. यंदा आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होते, म्हणून तो सण नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात केला. मंडईतून बटाटे, गाजरं, कांदे आणले, एकत्र उकडले, लोणी घालून घोटले. झालं हुत्स्पॉत. तिकडे सोबत मांस असतं, ते अर्थातच गाळलं.

आत्या ताटाकडे बघत म्हणाली, "ही भाजी कुठल्या देवाची गं?"

देवाची नाही, उपाशी गावाची. १५७३-७४ मध्ये स्पॅनिश सैन्यानं लायडनला वेढा घातला. धान्य संपलं, त्यात प्लेग आला, हजारो माणसं गेली. शेवटी स्पेनविरुद्धच्या बंडाचा पुढारी विल्यम ऑफ ऑरेंज याच्या लोकांनी आपलेच बांध फोडले आणि आपलीच शेतं बुडवली, सपाट तळाच्या बोटी शहरापर्यंत जाव्यात म्हणून. तरी पाणी पुरेसं चढेना. मग वादळी वारा सुटला, पाणी वाढलं आणि स्पॅनिश सैनिक रातोरात तळ सोडून गेले. कॉर्नेलिस नावाचं एक अनाथ पोर त्यांच्या रिकाम्या ठाण्यात शिरलं, तर तिथे रांधलेल्या अन्नाचं भांडं तसंच राहिलेलं! ही आख्यायिका, पण ते म्हणून जपलेलं भांडं तिथल्या लाकेनहाल संग्रहालयात आहे. तेव्हा युरोपात बटाटा रुळला नव्हता, त्यामुळे त्यात दुसरी कंदमुळं असणार. बोटींतून आले हेरिंग मासे आणि पांढरा पाव. तारीख होती ३ ऑक्टोबर १५७४.

तेच हेरिंग आणि तोच पाव आजही वाग या जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत वाटतात. १८८६ पासून एक संस्था हा सगळा उत्सव सांभाळते. सकाळी सातला नगरभवनासमोर वाद्यं वाजतात, लोक गाणी म्हणतात. नंतर मिरवणूक असते, जत्रा असते, पण माझा जीव अडकतो तो त्या रांगेत. पहिल्या वर्षी माझ्यापुढे एक आजोबा होते. पाव हातात पडल्यावर त्यांनी तो पिशवीत टाकला नाही, कोटाच्या आत छातीशी धरला आणि चालू लागले. साडेचारशे वर्षांपूर्वीची भूक त्यांनी थोडीच पाहिली होती? पण पाव कसा धरायचा हे त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मला ते गाव आवडलं.

आत्या हे सगळं ऐकत होती. ताटातलं हुत्स्पॉत निवलं. मग म्हणाली, "त्यांना पाण्यानं वाचवलं. आमच्याकडे पाणी आलं ते घर न्यायला."

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. आत्या नऊ वर्षांची होती, घर शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. मला ही कथा तुकड्यातुकड्यांनी माहीत होती: धरण फुटलं म्हणून उठलेली ओरड, पर्वतीकडे धावणारी माणसं, पुढे गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरांत, गेलेले शेजारी. पण त्या रात्री काय खाल्लं, हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

"पर्वतीच्या पायथ्याशी एका बाईनं भाकरी दिली. वर पिठलं, गरम. ताट कुठलं, हातावरच घेतलं. हात भाजला, पण सोडलं नाही." तिनं तळवा पुढे केला. त्यावर काहीच खूण नव्हती, तरी मी वाकून पाहिला.

गणपतीत आपण पुण्याचा अभिमान पोटभर मिरवतो आणि तो मला हवाच आहे. कसब्याचा गणपती निघाला की माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण १२ जुलैला गावानं एकत्र बसून पिठलं-भाकरी खाल्ली तर? मंडप नको, स्पीकर नको. नदीकाठच्या पेठांनी रस्त्यावर पंगत मांडावी आणि ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना आधी वाढावं. ती माणसं आता सत्तरीच्या पुढे आहेत. मला हे लवकर व्हायला हवंय.

आत्यानं गार झालेलं हुत्स्पॉत संपवलं, वर हिरवी मिरची चावली. हात धुताना विचारलं, "त्या पोराचं नाव काय म्हणालीस?"

"कॉर्नेलिस."

"बघ, त्यांच्याकडे पोराचंसुद्धा नाव आहे," ती म्हणाली. "त्या बाईचं मी विचारलंच नाही गं."