डक्ट कूलरचे आवाज : इंदूरच्या गच्चीवरच्या कामाची नोंद

मांडणी अशी: गच्चीवर लोखंडी बॉडीचा डक्ट कूलर (ओल्या पॅडमधून गार केलेली हवा डक्टने, म्हणजे पत्र्याच्या चौकोनी नळीने, खोल्यांत नेणारा), सेल्युलोजचे पॅड, ताशी साधारण 4,000 घनमीटर हवा. मुख्य डक्ट 450 × 450 मिमी, 26 गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा. त्यातला 6 मीटरचा भाग उघड्या उन्हात. खाली तीन खोल्या, प्रत्येकीत हवा बाहेर पडायला 450 × 200 मिमीची ग्रिल. तक्रारी चार: सुरू करताना ‘टण्’, मग बराच वेळ टिकटिक, भिंतीत घुमणं आणि झोपायच्या खोलीत शीळ.

आवाज ग्रिलमधून येतो, तर ग्रिलमध्ये फोम कोंबा, हा इकडचा लाडका उपाय. त्याने वाट अरुंद होते, वेग वाढतो आणि शीळ आणखी चढते. म्हणून आधी आवाजांची फोड: पंप एकटा, मग ब्लोअरचा (हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) पट्टा काढून मोटर एकटी, मग पट्टा चढवून कोरडा ब्लोअर, सगळ्यात शेवटी पाण्यासकट. पट्ट्याला हात लावण्याआधी मेन बंद आणि फ्यूज खिशात.

पंप, मोटर. पंपाची गुरगुर म्हणजे टाकीत पाणी कमी, पंप हवा ओढतोय. फ्लोट वर सरकवला, काम झालं. मोटरची बारीक गुणगुण 50 हर्ट्झच्या विजेवर 100 हर्ट्झला येते. ती मोटरपाशी राहिली तर चालेल, डक्टमध्ये उतरता कामा नये.

ब्लोअर. मोटर 1,440 फेऱ्यांची, पुली 75 आणि 200 मिमी, म्हणजे ब्लोअर मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला 9. पात्यांवर धूळ आणि क्षार एका बाजूला साचले की हाच ठोका भिंतीत जातो. तो कानापेक्षा तळहाताला आधी कळतो. पाती ओल्या ब्रशने एकसारखी घासली, प्लमर ब्लॉकला (ब्लोअरच्या दांड्याचं बेअरिंग धरणाऱ्या ठोकळ्याला) ग्रीस दिलं. पट्टा सुरुवातीला चिरकत होता. चालत्या पट्ट्यावर लांबून पाण्याचा हलका फवारा मारायचा: आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा ढिला. इथे वाढला. दोन पुलींच्या मधल्या 400 मिमीच्या अंतरात अंगठ्याने दाबल्यावर 6-7 मिमी दबेल इतकाच ताण ठेवला. जास्त ताणलं की बेअरिंग रडायला लागतं.

कॅनव्हास. घुमण्याचं खरं मूळ इथे सापडलं. ब्लोअर आणि डक्ट यांच्यामध्ये कंप अडवायला 125 मिमीची कॅनव्हासची पट्टी होती, ठीकठाक. पण फिटिंगच्या वेळी डक्ट लोंबू नये म्हणून दोन्ही फ्रेमना जोडणारी एक लोखंडी पट्टी वेल्ड केली होती, ती कुणी कापलीच नव्हती. त्यावर नंतर रंगही दिलेला, त्यामुळे बघून ती फ्रेमचाच भाग वाटे. कॅनव्हास असून नसल्यासारखा. पट्टी कापली, डक्टला वेगळा स्टँड दिला, घुमणं बसलं.

‘टण्’ आणि टिकटिक. दोन्ही पत्र्याचेच आवाज, पण कारणं वेगळी. ब्लोअर वेग घेताना एकदा आणि बंद होताना एकदा वाजतं ते दाबाचं: 450 मिमीची सपाट बाजू बाहेर फुगते, मग आत बसते. खात्री करायची तर बाजूच्या मधोमध लाकडी पट्टी दाबून धरा आणि कूलर सुरू करा. ‘टण्’ गेला की निदान पक्कं. 25 × 25 × 3 मिमीचा अँगल मधोमध आडवा, 100 मिमीवर रिव्हेट, पत्रा आणि अँगलमध्ये सिलिकॉन. लांब स्क्रू नकोत, टोकं आत हवेत आली की तीही शीळ घालतात.

टिकटिक तापमानाची. मे महिन्याच्या दुपारी पत्रा 60 अंशांच्या आसपास जातो, आतून 28 ची हवा सुटली की 6 मीटरमध्ये साधारण 2 मिमी आकसतो आणि घट्ट आवळलेल्या प्रत्येक ब्रॅकेटवर अडखळत सरकतो. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, गार हवा सुटली की कूलर बंद असतानाही हे ऐकू येतं, ते यामुळेच. ब्रॅकेटची 8 मिमीची भोकं 8 × 20 च्या खाचा केली, नायलॉन वॉशर घातले, डबल नट लावले पण आवळले नाहीत. एक टोक मात्र पक्कं ठेवायचं.

शीळ. तीन ग्रिल उघड्या असताना प्रत्येकीतून सेकंदाला 0.37 घनमीटर हवा जाते. ग्रिलचं मोकळं क्षेत्र 70 टक्के धरलं तर वेग जवळजवळ 6 मीटर. झोपायच्या खोलीत तो 3 च्या आत असायला हवा. आणि रात्री बाकी दोन खोल्यांचे डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करायच्या झडपा) बंद केले की सगळा रेटा एकाच ग्रिलवर! वेग दुप्पट झाला तर आवाज 15 ते 18 डेसिबलने चढतो. तेव्हा तिथे 600 × 300 ची ग्रिल, डँपर तिघांचे थोडे थोडे उघडे, आणि रात्री मोटर कमी स्पीडवर. शिवाय दर खोलीत खिडकी किमान 30 × 50 सेंमी उघडी. डक्ट कूलर बंद खोलीत चालवायची वस्तू नाही, हवा दाराच्या फटीतून सुटते आणि दोष ग्रिलला लागतो.

डक्टला आतून ग्लासवूलचं अस्तर लावण्याचा सल्ला एसीवाले देतील. कूलरची हवा ओली. एका हंगामात बुरशी आणि वास. बाहेरून 25 मिमी लावा, त्याने पत्रा कमी तापतो आणि टिकटिकही घटते.

बाकी आहे: मधल्या खोलीच्या डँपरची खडखड. पातं दांड्यावर ढिलं आहे, विंगनट बदलायचा आहे, आणि त्यासाठी फॉल्स सीलिंगची एक शीट उतरवावी लागेल.