घराच्या कुठल्या भिंतीचं वय?

‘आमचं गावाकडचं घर किती वर्षांचं असेल हो? कसं शोधायचं?’ जुन्या घरांची मोजमापं काढत मी गावोगाव फिरतो, म्हणून हा प्रश्न सारखा येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, पण आधी मलाच विचारू द्या: घराच्या कुठल्या भागाचं वय हवंय? गावातलं घर एकदाच बांधून कुणी मोकळं झालेलं नसतं. जोतं पणजोबांच्याही आधीचं, मधली भिंत भावकीच्या वाटणीनंतरची, मागची पडवी गुरं वाढली तेव्हाची आणि छप्पर या सगळ्यांहून नवं. एकच आकडा सांगणं म्हणजे यातल्या बाकीच्या पिढ्या पुसून टाकणं.

मी आधी माळ्यावर चढतो. तुळईच्या अंगाला खाच आहे आणि त्या खाचेत काहीच बसलेलं नाही, असं दिसलं की ती तुळई पूर्वी दुसऱ्या इमारतीत होती. चांगलं सागवान कुणी टाकत नसे, मोडलेल्या वाड्याचं लाकूड नव्या घराला लागे. म्हणजे लाकूड घरापेक्षा जुनं असू शकतं. दारावरच्या गणेशपट्टीवर शक कोरलेला असला तरी चौकटच दुसरीकडून आणलेली नाही ना, हे बघावं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो; शके १८१० म्हणजे १८८८. अंक झिजले असतील आणि संवत्सराचं नाव शाबूत असेल, तर फार मदत होते. शके १८१० ला सर्वधारी संवत्सर होतं. तेच नाव पुन्हा साठ वर्षांनीच येतं.

कौलं उलटी करून बघा. बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये, त्यामुळे मंगलोरी कौलाचं छप्पर त्याच्या आधीचं असणं शक्य नाही. कौलावर १८६५ असा छाप दिसला की मंडळी हरखून जातात, पण ते कारखान्याचं साल आहे. आणि त्या कौलांच्या आधी त्याच भिंतींवर नळीची कौलं किंवा गवत असू शकतं.

कागदांचं म्हणाल, तर बहुतेक जण सातबारा घेऊन येतात. तो शेतजमिनीचा. गावठाणातलं घर सापडतं ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, नमुना आठमध्ये. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळू लागलेल्या मालमत्ता पत्रकात हद्द आणि क्षेत्र कळतं, वय नाही. खरा ऐवज घरच्या ट्रंकेत असतो: वाटणीपत्र, गहाणखत. कुणाच्या वाट्याला किती खण (म्हणजे दोन खांबांमधली जागा), सोपा म्हणजे ओसरी कुणाची, परसातलं झाड कुणाचं, चारी बाजूंना कोण, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. त्या साली घर केवढं होतं याचा इतका चोख पुरावा दुसरा नाही. कागद मोडी लिपीत असेल म्हणून बाजूला ठेवू नका, मोडी वाचणारे आजही आहेत. त्यावर शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहिला जाणारा सन, असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महिन्याप्रमाणे. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२, आपलं १७७१-७२.

पण माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे तो घरातल्या म्हाताऱ्या बायकांवर. पुरुषांना विचारलं तर ‘लई जुनं, आज्याच्या काळातलं’ एवढंच हाती लागतं. सासरी आलेल्या बाईला मात्र पहिल्या दिवसाचं घर आठवतं. परक्या घरात पाऊल कुठं टाकायचं, पाणी कुठं, चूल कुठं, हे तिनं नीट पाहून ठेवलेलं असतं. पाटणच्या बाजूच्या एका आजी मला म्हणाल्या, ‘म्या आले तवा चूल हितं न्हवती, त्या कोपऱ्यात व्हती. ही भित मागनं घातली.’ भिंत खरंच वेगळ्या दगडाची होती. सालाचा आकडा विचारायचा नाही, खूण विचारायची. कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. त्या भागात ‘भूकंपात काय पडलं, काय राहिलं?’ एवढं विचारलं की अर्धं घर उलगडतं. कुठे गांधीहत्येनंतरचं ४८ सालचं जळीत, कुठे ७२ चा दुष्काळ, तर कुठे सासूनं सांगितलेली १९१८ ची मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएन्झाची, साथ. आजींचं लग्न त्या खुणेच्या आधी की नंतर, थोरला तेव्हा रांगत होता की शाळेत जात होता, यावरून साल दोन-चार वर्षांच्या आत पकडता येतं. म्हणून ट्रंक उघडण्याआधी आजींजवळ बसा. कागद थांबतील.

आणि एक विनंती. जुनं सागवान विकत घेणारे व्यापारी गावोगाव फिरताहेत, कोरीव खांबाला भावही चांगला देतात. पैशाची नड कुणाला चुकली आहे, विकू नका असं मी म्हणणार नाही. फक्त खांब निघण्याआधी प्रत्येक खणाचं माप घ्या, कुठला खांब कुठं उभा होता त्याचा कच्चा नकाशा काढा, खाचांचे जवळून फोटो घ्या आणि फोटोवर गाव, घर, तारीख लिहा. नकाशा काढायला हात धजत नसेल तर मला कळवा, मी टेप घेऊन येतो.