डेबियन १३ वर जाताना एका प्रश्नाने खाल्लेली रात्र

आमच्या संस्थेचा मेल सर्व्हर मीच सांभाळतो. चाळीसेक खाती, एक छोटं मशीन, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. मागच्या महिन्यात शनिवारी रात्री ते १३ वर नेलं. पॅकेजेस (म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार गठ्ठे), कर्नल, रीबूट हे सगळं सव्वा तासात आटपलं. पुढचे पाच तास एकाच प्रश्नापायी गेले, आणि तो प्रश्न मला अजून खटकतो.

डेबियन किंवा उबंटू वापरणाऱ्यांना तो पाठ असेल. ईटीसीमधली, म्हणजे सेटिंगच्या फोल्डरमधली, फाइल तुम्हीही बदललेली असते आणि नव्या पॅकेजमध्येही ती बदललेली असते. मग अपग्रेड थांबतं आणि विचारतं: तुमची फाइल ठेवू की पॅकेजची बसवू? कधी वाय-एन अशी अक्षरं येतात, कधी निळ्या पडद्यावर यादी. नुसतं एंटर दाबलं तर तुमची राहते. (तुम्ही फाइलीला हातच लावला नसेल तर नवी न विचारता बसते.)

मी इतकी वर्षं 'माझी ठेव' असंच सांगत आलोय आणि निभावलंय. या वेळीही तेच केलं. डॉव्हकॉट, म्हणजे साठवलेल्या मेल लोकांना दाखवणारा प्रोग्राम, उठलाच नाही.

डेबियन १३ मध्ये डॉव्हकॉट २.३ वरून २.४ वर जातो आणि त्याच्या फाइलींची भाषाच बदलते. सुरुवातीलाच कॉन्फिगची (सेटिंगच्या फाइलीची) आवृत्ती सांगणारी ओळ लागते. माझ्या जुन्या फाइलीत ती कुठून असणार? घाईत मी उलटं केलं. पॅकेजच्या फाइली बसवल्या. सेवा सुरू झाली, हिरव्या अक्षरांत 'ॲक्टिव्ह' दिसलं, आणि मी निर्धास्त झालो.

वीस मिनिटांत अकाउंट्सच्या मॅडमचा फोन आला. "सर, माझा इनबॉक्स पूर्ण रिकामा दिसतोय. सगळ्या मेल गेल्या का?" पोटात गोळा आला. त्यांच्या बारा वर्षांच्या मेल तिथे आहेत.

मेल जागच्या जागीच होत्या. आमच्याकडे त्या मेलडिर प्रकारात आहेत, म्हणजे प्रत्येक मेलची वेगळी फाइल. पॅकेजच्या फाइलीत एमबॉक्स (सगळ्या मेल एकाच फाइलीत) लिहिलेलं होतं, त्यामुळे डॉव्हकॉट भलत्याच ठिकाणी बघत होता. म्हणजे दोन पर्याय होते आणि दोन्ही चुकीचे. माझी फाइल नव्या आवृत्तीला कळत नव्हती, आणि पॅकेजच्या फाइलीला माझं घर माहीत नव्हतं. खरं काम होतं आपल्या मोजक्या ओळी नव्या भाषेत लिहिण्याचं, आणि ते रात्री एक वाजता प्रश्नासमोर बसून होत नाही.

सगळ्यात आधी पोस्टफिक्स, म्हणजे बाहेरून येणाऱ्या मेल घेणारा प्रोग्राम, बंद केला. असं काही झालं तर हे पहिलं करा. पाठवणाऱ्याचा सर्व्हर मेल स्वतःकडे धरून ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात ५ दिवस असते. मेल हरवत नाही, नुसती उशिरा येते.

मग ओळी शोधायला लागलो. ईटीसीची पूर्ण प्रत होती, पण माझे बदल नेमके कोणते ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. डेबियन १२ चं मूळ पॅकेज उतरवून फाइलीशी फाइल ताडून पाहिली. निघाल्या अकरा ओळी. अकरा ओळींसाठी एवढी रात्र! जुन्या सर्व्हरवर असतानाच 'डॉव्हकॉन्फ -एन' चालवलं असतं तर त्या एका मिनिटात मिळाल्या असत्या, कारण तो फक्त बदललेल्या सेटिंग दाखवतो.

मेल_लोकेशनच्या जागी आता मेल_ड्रायव्हर आणि मेल_पाथ असं वेगवेगळं लिहायचं. सर्टिफिकेटच्या सेटिंगचं नाव बदललं, आणि फाइलीच्या पाथआधीचं < हे चिन्ह गेलं. पासडीबीच्या, म्हणजे पासवर्ड कुठे तपासायचे ते सांगणाऱ्या, कंसाला नाव द्यावं लागतं. एका ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा: डिसेबल_प्लेनटेक्स्ट_ऑथची जागा ऑथ_अलाऊ_क्लीअरटेक्स्टने घेतली आहे आणि अर्थ उलटा झालाय. पूर्वी 'येस' होतं तिथे आता 'नो' हवं. नुसतं नाव बदलून 'येस' तसंच ठेवलं तर साध्या, उघड्या जोडणीवर पासवर्ड जायला आपणच दार उघडून देतो.

पावणेपाचला मॅडमच्या मेल दिसल्या. त्यांना लगेच मेसेज टाकला. त्याही जाग्याच होत्या.

डेबियन १३ च्या रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलंय: फाइलींचं स्वरूप जुन्याशी जुळत नाही, आधी चाचणीच्या मशीनवर करून बघा. मी त्या वाचल्या रविवारी दुपारी.

आता माझ्या अकरा ओळी डॉव्हकॉटच्या कॉन्फ.डी या सेटिंगच्या फोल्डरमध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या स्वतंत्र फाइलीत आहेत आणि पॅकेजच्या फाइलींना मी हात लावत नाही. डॉव्हकॉटमध्ये शेवटी वाचलेली किंमत चालते, म्हणून ९९. एसएसएचडीमध्ये (सर्व्हरवर दुरून लॉगिन करू देणारा प्रोग्राम) नेमकं उलट, पहिली भेटलेली किंमत चालते, तिथे फाइल ००ने सुरू करा. आणि तिथे रीस्टार्टच्या आधी 'एसएसएचडी -टी' चालवून तपासा, चालू जोडणी उघडी ठेवून.

सोमवारी ईटीसीमध्ये डीपीकेजी-डिस्ट आणि यूसीएफ-डिस्ट शेपटीच्या फाइली शोधल्या. एरवी 'माझी ठेव' म्हटलं की पॅकेजची फाइल अशीच बाजूला पडून राहते. नऊ सापडल्या, त्यांतल्या तीन बहुधा मागच्या अपग्रेडच्या. एकेक उघडून बघतोय. चार झाल्या.