तुम्ही विचारलेत म्हणून : समुद्रावर नेण्याची पुस्तके

डिसेंबर जवळ आला किंवा मुलांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या, की आमच्या वाचनालयाच्या देवघेव टेबलापाशी एक प्रश्न हमखास येतो : "ताई, आठ दिवस कोकणात समुद्रावर चाललोय, कोणती पुस्तके नेऊ?" पाठीमागे रांग असते, त्यामुळे दोन-तीन नावे सांगून मी उत्तर आटोपते. ते उत्तर अपुरे असते याची मला जाणीव आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत आम्ही शिरोड्याला गेलो, तेव्हा मी सात पुस्तके नेली होती. वर्षभर वेळ न मिळाल्याने राहून गेलेली, वाचलीच पाहिजेत अशी वाटणारी ती पुस्तके होती, आणि त्यांत श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंडही होते. आठ दिवसांत पहिल्या खंडाचा चौथा हिस्सासुद्धा झाला नाही. पुढे तीच कादंबरी मी पावसाळ्यात घरी रात्री जागून वाचली आणि जगबुडी नदीच्या काठावरची ती चार पिढ्यांची माणसे मनात कायमची राहिली. पुस्तकात काहीच उणे नव्हते; किनाऱ्यावर वाचन कसे होते याचा विचार मी केला नव्हता, एवढेच.

किनाऱ्यावरचे वाचन सलग होत नाही. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागे असतो आणि सुरूच्या झाडांची सावली पार वाळूपर्यंत लांबते. नऊ-साडेनऊपर्यंत डोळ्यांना त्रास न होता वाचता येते. दुपारनंतर ऊन समोरून, पाण्यावरून उसळून येते आणि पांढऱ्या कागदाकडे बघवत नाही, तेव्हा उतरलो असू त्या घराची पडवी गाठावी लागते. भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून पाण्यात उतरण्याच्या आणि पर्यायाने वाचण्याच्या वेळाही रोज बदलतात. शिवाय एखाद्या सकाळी रापण ओढायला सुरुवात होते. होडीने अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावरून गावातली माणसे तालात ओढत असतात, आणि तसे दृश्य समोर असताना जो पुस्तकातून मान वर करणार नाही त्याने समुद्रावर यावे तरी कशाला, असे मला मनापासून वाटते. म्हणून जे पुस्तक कुठल्याही पानावर मिटता येते आणि चार तासांनी उघडले तरी रुसत नाही, ते निवडावे. कथासंग्रह, व्यक्तिचित्रे, ललित लेख, पत्रे, कविता, एका बैठकीत संपणारी लहान कादंबरी ही या कामाची. रहस्यकथाही अवश्य न्या, मात्र ती प्रवासातच संपवा. कोकणकन्या रेल्वेगाडीतली एक रात्र तिला पुरते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या किनाऱ्यावर जाल तिथले निदान एक पुस्तक सोबत असू द्या. वेंगुर्ले तालुक्याच्या बाबतीत ही चैन फार मोठी आहे. शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकरांनी 1920 ते 1938 अशी अठरा वर्षे शिकवले, आणि 'उल्का'सारखी कादंबरी त्याच काळातली. तिथली मिठागरे पाहिली, 1930चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला होता हे आठवले, की त्या पिढीच्या ध्येयवादाला पायांखालची जमीन मिळते. शेजारचे आरवली हे जयवंत दळवींचे गाव. वेतोबाचे देऊळ पाहून, वाटेत भेटलेल्या एखाद्या आजोबांच्या गजाली ऐकून परत यावे आणि 'सारे प्रवासी घडीचे' उघडावे, म्हणजे त्यातली माणसे कुठून आली हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

चिं. त्र्यं. खानोलकरांची 'कोंडुरा' मी तीनदा वाचली आहे. पहिली दोन वाचने शहरात झाली आणि दोन्ही वेळा मला ती गूढ, काहीशी दूरची वाटली. कोंडुरा हे त्याच किनाऱ्यावरचे खरेखुरे ठिकाण आहे. तिसऱ्या वेळी ते दुपारी पाहून आले आणि रात्री माडांच्या वाडीतल्या घरात कादंबरी उघडली. दिवे गेले होते, बॅटरीच्या उजेडात मी वाचत होते आणि अंधारातून समुद्राची गाज एकसारखी येत होती. त्या रात्री मला जाणवले, की ज्याला मी गूढ म्हणत होते ते त्या मुलखातल्या माणसांचे रोजचे ऐकणे आहे. तेव्हापासून मी आग्रहाने सांगते, की आधी वाचलेले एक पुस्तक पुन्हा वाचायला न्या. मात्र जागेचे पुस्तक पहिल्याच दिवशी उघडू नका, जागा दोन दिवस नुसती पाहू द्या.

आता थोडे पुस्तकांच्या जिवाविषयी. सुट्टीवरून परत आलेली पुस्तके मी हाताळते, त्यामुळे सांगते. बांधणीच्या घडीत शिरलेली वाळू निघता निघत नाही आणि प्रत्येक वेळी पुस्तक उघडताना कागद कुरतडते. खाऱ्या, दमट हवेत पाने फुगतात आणि नुसत्या डिंकावर चिकटवलेले पुस्तक उन्हात राहिले की पाने सुटी होतात. म्हणून वाचनालयाची दुर्मीळ, जुनी प्रत वाळूवर नेऊ नका. स्वतःची, शिवलेल्या बांधणीची प्रत न्या. ओला टॉवेल आणि पुस्तक एका पिशवीत कधीही ठेवू नका, आणि परतल्यावर ते पंख्याखाली उभे ठेवून पाने हलक्या हाताने झटका. ई-वाचक यंत्राला माझी हरकत नाही. उन्हातही त्याची अक्षरे नीट दिसतात, फक्त ते बंद होणाऱ्या पिशवीत ठेवावे.

किती न्यावीत, हेही विचारता. चार माणसांच्या कुटुंबात चार पुरतात, कारण सुट्टीत पुस्तके एकमेकांच्या हातांत फिरतात. यंदा आम्ही पुन्हा शिरोड्यालाच जात आहोत. पिशवीत दळवी आहेत, लेकीने निवडलेला एक विज्ञानकथांचा संग्रह आहे, यजमानांसाठी पक्ष्यांची ओळख करून देणारे एक पुस्तक आहे, आणि आरती प्रभूंचा 'नक्षत्रांचे देणे' हा कवितासंग्रह आहे. आरती प्रभू म्हणजे खानोलकरच, हे लेकीला अजून ठाऊक नाही. संध्याकाळी पडवीत तिला दोन-तीन कविता मोठ्याने वाचून दाखवायच्या आणि मग सांगायचे, असे मी ठरवले आहे.