पाण्याचं काय काम?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, विहीणबाई. नातीचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी नाना पेठेतल्या सिटी चर्चच्या आवारात तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "देवाची कृपा विश्वासाने मिळते, तीही फुकट. मग पाणी, तेल, भाकर हे मध्ये कशाला? बायबलमध्ये कुठे आहे हे?" धर्मशिक्षणाचे वर्ग घेते तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच प्रॉटेस्टंट सोयऱ्यांनी विचारलाय. त्या गर्दीत घाईने उत्तर द्यावंसं वाटलं नाही.

कृपा फुकट, हे अगदी मान्य. आपल्या नातीने त्या दिवशी काय केलं? ती झोपली होती. तिच्या पदरी ना पुण्य ना कर्तृत्व. ते चर्च सवाई माधवरावांच्या काळातलं, १७९२ चं. तेव्हापासून तिथे अशी किती बाळं रिकाम्या हातांनी आली असतील. संस्कार, म्हणजे बाप्तिस्म्यासारखे कृपेचे विधी, ही आपली करणी असती, तर तुमचा आक्षेप बरोबर ठरला असता. आम्ही कॅथलिक ती देवाची करणी मानतो.

प्रेषित पौलापासून सुरुवात करते, कारण विश्वासाने तारण हे तुम्ही त्याच्याच पत्रांतून सांगता. दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर त्याला प्रभू भेटला. दृष्टी गेली. तीन दिवस पोटात अन्नपाणी नाही, प्रार्थना चाललेली. विश्वासाचं आणखी काय राहिलं होतं? तरी तिथला शिष्य हनन्या येऊन काय म्हणाला, ते प्रेषितांच्या कृत्यांत २२ व्या अध्यायाच्या १६ व्या वचनात पौल स्वतः सांगतो: ऊठ, बाप्तिस्मा घे आणि आपली पापं धुऊन टाक. पापं आधीच धुतली गेली असती आणि पाणी ही नुसती खूण असती, तर हनन्या असं बोललाच नसता. मी हे वचन कितीदा वाचलंय, दर वेळी त्या "धुऊन टाक" वर थांबते.

आणि गलतीकरांस पत्रात, तिसऱ्या अध्यायात, २६ वं वचन म्हणतं, विश्वासाने तुम्ही देवाची मुलं झालात. लगेच २७ वं म्हणतं, बाप्तिस्मा घेतलेल्यांनी ख्रिस्ताला परिधान केलंय. आपण ज्या दोन गोष्टींवरून वाद घालतो, त्या पौलाने शेजारी शेजारी ठेवल्यात.

रोमी शताधिपती कर्नेल्याचं उदाहरण तुम्ही द्याल, हे मला माहीत आहे. त्याच्या घरी पवित्र आत्मा पाण्याआधीच उतरला. खरं आहे. देव संस्कारांनी बांधलेला नाही, असं आमची ख्रिस्तसभाही शिकवते. पण प्रेषित पेत्राने ते पाहून पाणी नको म्हटलं नाही, उलट त्यांना बाप्तिस्मा द्यायची आज्ञा केली.

देवाची ही रीत जुनीच आहे. अरामी सेनापती नामानाला कोड होतं. यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, असा संदेष्टा अलीशाचा निरोप आला, तर तो चिडला. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? शेवटी बुडी मारली, तेव्हा बरा झाला. यार्देनेच्या पाण्यात औषध नव्हतं. शब्द देवाचा होता, आणि तो त्या पाण्याला जोडलेला होता. बारा वर्षं रक्तस्राव सोसलेल्या बाईने प्रभूच्या वस्त्राला हात लावला. प्रभू तिला म्हणाला, तुझ्या विश्वासाने तुला बरं केलं. पण त्याच्यातून शक्ती बाहेर पडली ती त्या स्पर्शासरशी. जन्मांध माणसाच्या डोळ्यांना त्याने थुंकीचा चिखल लावला. एका शब्दाने त्याला बरं करता आलं नसतं का? ज्याने स्वतः हाडामांसाचं शरीर घेतलं, त्याला माती आणि पाणी कमीपणाचं वाटत नाही.

मात्र ही जादू नव्हे. प्रेषितांनी हात ठेवल्यावर आत्मा मिळतो, हे पाहून शिमोन नावाच्या जादूगाराने ते सामर्थ्य विकत मागितलं, तेव्हा देवाचं दान पैशाने मिळत नाही, असं पेत्राने त्याला सुनावलं, ते वाचा.

संस्कार सात, हा आकडा बायबलमध्ये लिहिलेला सापडणार नाही. ट्रेंटच्या कॅथलिक धर्मसभेने तो १५४७ मध्ये ठामपणे मांडला. पण भाकर मोडणं म्हणजे ख्रिस्ताच्या शरीरात सहभागी होणं, हे करिंथकरांस पहिल्या पत्रात आहे. "ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल" हे प्रभूचं शिष्यांना सांगणं योहानाच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात आहे. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तेल आहे.

त्या तेलाबद्दल मला बोलायचंच होतं. माझे वडील गेले त्याच्या आदल्या रात्री फादर आले. बाबांचं बोलणं बंद झालं होतं, प्रार्थनेचे शब्द जुळवायची ताकद उरली नव्हती. त्यांचा विश्वास आता काय करू शकणार होता? फादरांनी अंगठा तेलात बुडवून त्यांच्या कपाळावर क्रूस काढला, मग दोन्ही तळव्यांवर. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, पापं केली असतील तर त्यांची क्षमा होईल, असं याकोब म्हणतो. बाबा ते वचन म्हणू शकत नव्हते. त्यांना ते कपाळावर मिळालं. त्यांनी मूठ मिटली, मी ती उघडली नाही.

येत्या रविवारी मिस्सेनंतर घरी या. पौलाने आपल्या शिष्यावर, तीमथ्यावर, हात ठेवले त्याबद्दल लिहायचं राहिलंच, आणि बाळाला थोडा वेळ तुम्ही घ्या.